आधी बाथरूम, मग बाग

मंडळी, नमस्कार. मागच्या रांगेत आवाज येतोय ना? येतोय, बरं. विषय ठरलाय तो रिटायरमेंटनंतर घरावर आणि अंगणा-परसावर करायचा खर्च. मी आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर काम केलं, लोकांची घरं बांधली, पाडली, दुरुस्त केली, आणि आता सात वर्षं झाली मी पण रिटायर आहे, त्यामुळे पैसे घेणाऱ्याच्या बाजूनं आणि पैसे देणाऱ्याच्या बाजूनं, दोन्हीकडून मला हे माहीत आहे.

सुरुवात माझ्या आईबाबांपासूनच करतो. बाबा रिटायर झाले तेव्हा एकरकमी पैसे हातात आले. नोकरीत असताना घराकडे बघायला कधी वेळ मिळाला नव्हता, सगळी हौस साठून राहिलेली, तर पहिल्याच वर्षी त्यांनी पुढचं अंगण करून घेतलं. हिरवंगार लॉन, कडेनं फरशीची वाट, फुलझाडं, बसायला बाक. सुंदर झालं होतं हो, खोटं कशाला बोलू. माणसं मीच लावून दिली होती. बाथरूमला मात्र कुणी हात लावला नाही, कारण ते चालत होतं. दारात अर्ध्या फुटाचा उंबरा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला, आणि आत चकचकीत गुळगुळीत टाइल्स. चौथ्या वर्षी आई तिथेच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

आणि मग काय झालं ते ऐका, कारण माझं आजचं सगळं बोलणं त्यातून आलंय. आई हॉस्पिटलमध्ये, घरी आणायची तर व्हीलचेअर लागणार, आणि बाथरूमचं दार मोजलं तर चौकटीच्या आतून जेमतेम ६५ सेंटिमीटर. खुर्ची जाईचना. मग मिळेल त्या माणसाकडून, मागेल त्या दरात, आठ दिवसांत भिंत फोडली, दार मोठं केलं, नवीन फरशी घातली. घाईत उतार चुकला, पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी कोपऱ्यात साचायचं, म्हणजे ज्या पाण्यानं आई घसरली तेच पाणी आम्ही पैसे देऊन परत तिथे आणून ठेवलं. वर्षभरानं ते सगळं पुन्हा उखडावं लागलं. जे काम चार वर्षं आधी निवांत, एकदाच झालं असतं ते दोनदा झालं आणि मधल्या काळात आईचे हाल झाले ते वेगळेच.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की रिटायर झाल्यावर घरावर खर्च जरूर करा पण तो आजच्या पायांसाठी करू नका, ऐंशीव्या वर्षी जे पाय असतील त्यांच्यासाठी करा, आणि पहिल्या चार-पाच वर्षांतच करा, जोपर्यंत तुम्ही स्वतः उभं राहून काम करून घेऊ शकता तोपर्यंत. पंच्याहत्तरीनंतर घरात धूळ, आवाज, अनोळखी माणसं, दोन महिने बाथरूम बंद, हे सोसवत नाही, मी बघितलंय लोकांना, मग ते काम ढकलत राहतात आणि एक दिवस वेळ येऊन ठेपते.

पडण्याला आपण फार हलकं घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच नंबर, आणि साठीच्या पुढच्यांचं प्रमाण त्यात सगळ्यात जास्त. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण पडण्याच्या भीतीनं हिंडणं-फिरणंच कमी करतात, त्यानं पाय आणखी अशक्त होतात, की परत पडायची शक्यता वाढली. असं ते चक्र आहे.

आता पैशाचं बोलू, कारण तुमच्यापैकी बरेच जण मनात तोच हिशोब करत असणार. १९९४ साली विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन फायनान्शियल प्लॅनरनं तिथल्या शेअर आणि बाँडचे जुने आकडे घेऊन एक हिशोब मांडला, की पहिल्या वर्षी एकूण साठ्यातले ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी तेवढ्याच रकमेत महागाईएवढी भर घालत गेलं, तर पैसे किमान ३० वर्षं पुरले असते. हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लागू पडेल असं अजिबात नाही, प्रत्येक देशाची महागाई आणि व्याज वेगळं, पण विचार करायला तो फार उपयोगी आहे. समजा तुमचा साठा १०० भागांचा आहे. त्यातले १० भाग तुम्ही घराच्या कामात घातले, तर नुसते १० भाग गेले असं होत नाही, तुमच्या वर्षाच्या ४ भागांतले ०.४ भाग, म्हणजे दहावा हिस्सा, पुढची सगळी वर्षं कमी झाला. तुमचा दर महिन्याचा खर्च दहा टक्क्यांनी कमी करून चालणार आहे का, हे विचारा स्वतःला. चालणार असेल तर खुशाल करा.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि ती काटकसरी माणसं विसरतात. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत किंमत दुप्पट होते (७२ ला टक्केवारीनं भागायचं, साधा हिशोब आहे). जे काम कधी ना कधी करायलाच लागणार आहे, ते पुढे ढकलून पैसे वाचत नाहीत, ते फक्त महाग होतं, आणि करून घेणारा तुम्ही म्हातारा झालेला असता. म्हणून मी कामांचे दोन ढीग करतो. एक, जे शरीराला आणि इमारतीला लागणारच आहे. दुसरा, जे हौसेचं आहे. पहिल्या ढिगाला साठ्यातून पैसे काढा, लवकर काढा. दुसऱ्या ढिगाला साठ्याला हात लावू नका, वर्षाच्या खर्चातून जे उरेल त्यातून दरवर्षी थोडं थोडं करा. बाग तर अशी थोडी थोडी केलेलीच चांगली होते, त्यावर येतोच. आणि कर्ज काढून हौस, हे या वयात कृपा करून नको, पगार थांबल्यावर हप्ता फार जड जातो.

तर पहिला ढीग. त्यात सगळ्यात आधी पाणी. छताची गळती, भिंतीतला ओलावा, जुने पाइप. वर ओल असताना खाली रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. त्याच्या बरोबरीनं वायरिंग, जुनी असेल तर बदला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, शॉक लागताना तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात सप्लाय तोडतो. यावर जास्त बोलत नाही, चांगला इलेक्ट्रिशियन हे सगळं सांगतो.

बाथरूमवर मात्र वेळ घेणार आहे. उंबरा काढायचा हे पहिलं. लोक म्हणतात उंबरा काढला तर पाणी बाहेर येईल. येत नाही हो, उतार बरोबर दिला तर येत नाही. मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर उतार पुरतो, आणि शॉवरच्या बाजूला लांब पट्टीसारखी जाळी टाकली की पाणी तिकडेच जातं. यासाठी फरशीचा थर खाली घ्यावा लागतो, म्हणून हे काम वॉटरप्रूफिंगबरोबरच होतं, नंतर वरून करता येत नाही. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावू द्यायच्या आधी जाळी बंद करून पाणी भरून ठेवायचं, २४ तास तरी, ४८ असेल तर उत्तम, आणि खालच्या छतावर, बाजूच्या भिंतीवर ओल येते का ते स्वतः जाऊन बघायचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल गरज नाही, दोन दिवस फुकट जातात. जाऊ देत. त्या दोन दिवसांवर पुढची वीस वर्षं अवलंबून आहेत.

टाइल्स. शोरूममध्ये कोरड्या टाइलवर बोट फिरवून काही कळत नाही. जर्मन चाचणीवरून आलेलं एक रेटिंग असतं, आर ९ पासून आर १३ पर्यंत, जितका आकडा मोठा तितकी कमी घसरणारी. आर ९ ओल्या जागेत घेऊ नका, आर १० किंवा आर ११ मागा. त्याच्याही पुढची टाइल खरखरीत असते, घासून साफ करणं अवघड, आणि साबणाचा थर बसला की तीच घसरडी होते, म्हणून मी तिथे जायला सांगत नाही. छोट्या टाइल्स घेतल्या तर सांधे जास्त येतात, पायाला पकड मिळते. आणि भिंत आणि फरशी एकाच रंगाची नको, नजर कमी झाल्यावर फरशी कुठे संपते ते कळत नाही.

हाताला धरायचे बार. टॉवेलचा दांडा धरून उठणारे किती जण आहेत इथे? तो माणसाच्या वजनासाठी बनवलेलाच नसतो. अमेरिकेतल्या नियमात ग्रॅब बारनं ११३ किलोचा भार घेतला पाहिजे असं आहे, आणि उंची जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटर. टाइलवर व्हॅक्यूमनं चिकटवायचे मिळतात त्यांच्यावर जीव टाकू नका. भरीव विटेची भिंत असेल तर लांब अँकर बोल्ट चालतो, पोकळ ब्लॉकची असेल तर तेवढ्या जागी ब्लॉक काँक्रीटनं भरून घ्यावे लागतात, आणि ते टाइल लावायच्या आधी. कमोडची सीट ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच ठेवा, गुडघ्यांना फार फरक पडतो.

आणि गरम पाणी, हे कुणी सांगत नाही. ६० अंशाच्या पाण्यानं पाचएक सेकंदांत कातडी गंभीर भाजते. ४९ अंशाला त्यालाच काही मिनिटं लागतात. म्हातारी कातडी पातळ असते, हात मागे घ्यायला वेळ लागतो. टाकीतलं पाणी ६०ला ठेवायचं कारण त्यानं जंतू मरतात, पण नळाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी आपोआप मिसळणारा नळ, बसवून तापमान खाली आणायचं.

उजेडाचंही सांगतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं म्हणून. म्हणजे सून किंवा जावई म्हणाला की भरपूर उजेड आहे, तर त्यांच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. पण एकच झगझगीत दिवा लावून उपयोग नाही, चकाकी पण आपल्यालाच जास्त त्रास देते. झाकलेले दिवे, जास्त ठिकाणी. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री आपोआप लागणारे छोटे मंद दिवे, जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडून चालणारं बटण. या सगळ्या यादीत कमीत कमी पैशात जास्तीत जास्त उपयोग देणारं काम हेच आहे असं माझं मत आहे, घरी गेल्यावर याच आठवड्यात करा.

जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर गेलेला, मुठीत मावेल असा गोल. रुंद सपाट लाकडी कठडा दिसतो छान पण तोल गेला की मूठ बसत नाही त्याच्यावर. पायऱ्यांची उंची मोजा, टेप घेऊन प्रत्येक पायरी मोजा. पाऊल दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतं आणि मग न बघता चालतं, त्यामुळे एखादी पायरी एका सेंटिमीटरनं जरी वेगळी असली तरी ठेच लागते. फरशीवर फरशी चढवली की नेमकी सगळ्यात खालची किंवा सगळ्यात वरची पायरी अशी होते.

बाहेरच्या रॅम्पचा हिशोब लोकांना धक्का देतो. सर्वमान्य प्रमाण आहे एकास बारा. म्हणजे दारात १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर ४५ सेंटिमीटर चढायला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब रॅम्प. अंगण आधीच लॉन आणि फुलझाडांनी भरून टाकलं तर हा कुठून काढणार? म्हणून अंगणाचा आराखडा करताना ती पट्टी आजच मोकळी ठेवा, तिथे आज फक्त वाट असू द्या, उद्या रॅम्प होईल. दारं बदलणारच असाल तर आतून मोकळी ८१ सेंटिमीटर तरी मिळू देत, आणि बाथरूममध्ये दीड मीटरचं वर्तुळ बसलं तर व्हीलचेअर पूर्ण वळते.

रॉन मेस नावाचा एक अमेरिकन आर्किटेक्ट होऊन गेला. नवव्या वर्षी पोलिओ झाला, पुढे व्हीलचेअर. कॉलेजात त्याला उचलून जिना चढवावा लागायचा आणि खुर्ची तिथल्या टॉयलेटमध्ये जायची नाही. त्यानं युनिव्हर्सल डिझाइन हा शब्द रूढ केला, त्याचा अर्थ असा की अपंगांसाठी वेगळं, म्हाताऱ्यांसाठी वेगळं असं काही न करता मुळातच सगळ्यांना वापरता येईल असं बनवायचं, १९९७ मध्ये त्यानं आणि त्याच्या बरोबरच्यांनी त्याची सात तत्त्वं मांडली. रुंद दार कडेवर मूल घेतलेल्या बाईला पण बरं पडतं ना, आणि सामान आत नेणाऱ्या हमालाला पण. लोकांना लाज वाटते की आत्तापासून आजाऱ्यासारखं घर कशाला. अहो, बिनाउंबऱ्याचं बाथरूम हे आजाऱ्याचं नसतं, ते नुसतं चांगलं बाथरूम असतं.

आता बाग, ज्याच्यासाठी निम्मे लोक आलेत. बाग नको असं मी कधीच म्हणणार नाही. आई घरी आली तेव्हा तिचा पलंग बाबांनी खिडकीशी लावला, अंगणाकडे तोंड करून, आणि तीन महिने ती त्या झाडांकडे बघत होती, कुठली कळी आली, कुठला पक्षी आला हे आम्हाला सांगायची. बाबांचे अंगणावरचे पैसे वाया गेले असं मी आधी मनात धरून होतो, ते तेव्हा सोडलं. नंतर मला कळलं की रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं १९८४ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा होता, पण मी आईचं तोंड बघितलंय.

तर बाग करा, पण खिडकीतून आणि बसून बघायची, आणि वाकल्याशिवाय करता येईल अशी. लॉनबद्दल माझं मत कडक आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ढोबळमानानं लॉनला कोरड्या दिवसांत आठवड्याला २५ मिलिमीटर लागतं, म्हणजे १०० चौरस मीटरला आठवड्याला अडीच हजार लिटर. शिवाय कापायचं, तण काढायचं, खत घालायचं. हे तुम्ही पासष्टीत हौसेनं कराल, पंच्याहत्तरीत माणूस लावाल, आणि तो माणूस हा कायमचा मासिक खर्च झाला. कुठलीही गोष्ट करताना तिला दरवर्षी काय लागणार ते आधी विचारा. कारंजं, छोटं तळं, लाकडी डेक, सगळ्यांना हाच प्रश्न. डेकला दर एक-दोन वर्षांनी तेल किंवा पॉलिश लागतं.

त्यापेक्षा उंच वाफे करा. ६० ते ७५ सेंटिमीटर उंच, खुर्चीत बसून हात पोचेल असे, एका बाजूनंच जाता येत असेल तर ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. गच्चीवर करणार असाल तर थांबा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल वाफ्यात सव्वा घनमीटरच्या आसपास माती बसते, ती भिजली की दोन टनांच्या आसपास वजन होतं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबवर हे ठेवायचं नाही. ठिबक आणि टायमर लावा, पाइप ओढत फिरणं थांबतं, त्या पाइपात पाय अडकून पण लोक पडतात. वाट सपाट, न हलणारी, निदान ९० सेंटिमीटर रुंद, सुटे दगड आणि खडी नको. घराच्या भिंतीपासून जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, पहिल्या तीन मीटरला १५ सेंटिमीटर, नाहीतर बागेचं पाणी पायाशी मुरतं. आणि वाफा भिंतीला टेकवून बांधू नका, हे मी स्वतः दोन घरांत ओल काढताना शिकलो.

आणि बागेचं काम एका वर्षात संपवू नका. पहिलं वर्ष नुसती खुर्ची घेऊन बसा, ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, तुम्ही खरंच कुठे बसता ते बघा. दुसऱ्या वर्षी एक झाड, एक वाट. पैसे पण एकदम जात नाहीत आणि चुका पण छोट्या राहतात.

काम देताना सगळं लिहून घ्या, टाइलचं नाव, पाइपचा प्रकार, किती दिवस, आणि पैसे टप्प्याटप्प्यानं. शेवटचे दहा टक्के काम पूर्ण होऊन पाणी सोडून बघेपर्यंत हातात ठेवा. जुन्या घरात भिंत उघडली की आत काय निघेल सांगता येत नाही, म्हणून ठरलेल्या रकमेवर आणखी १५-२० टक्के बाजूला असू देत. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारू द्या, घाई करणाऱ्याचं ऐकू नका.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, वाचतो. ‘यांना बाथरूमची सगळी कामं पटतात, पण ग्रॅब बार नको म्हणतात, हॉस्पिटलसारखं दिसेल म्हणून, काय करू?’ ताई, भांडू नका. बार आज लावूच नका. टाइल लावायच्या आधी जिथे जिथे बार येऊ शकतो, कमोडच्या बाजूला, शॉवरजवळ, दाराशी, तिथे भिंत भरीव करून घ्या, ते टाइलखाली जातं, काहीच दिसत नाही. आणि टाइल लागण्याच्या आदल्या दिवशी भिंतीला टेप धरून फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे आकडे वाचता येतील असा. प्रिंट काढून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, मुलांना पाठवून द्या. ज्या दिवशी ते स्वतः म्हणतील, त्या दिवशी ड्रिल घेऊन एक माणूस येईल आणि तासाभरात बार लागेल.